खसखस

पहाटे साडेपाचला, लाँड्रीचं शटर वर करायच्या आधी
ऑर्विल एका नंबरला फोन लावतो.
पलीकडे माणूस नसतो.
टेपवरची एक बाई रोज एका रंगाचं नाव सांगते.
त्याचा रंग करडा.
ती ‘हिरवा’ म्हणाली की त्याचे खांदे खाली येतात
आणि तो बॉयलर पेटवतो.
करडा निघाला, तर दुपारच्या आत
डाउनटाउनच्या ऑफिसात जायचं
आणि कुणाच्या तरी नजरेसमोर
बाटली भरून द्यायची.

मी एकदा विचारलं, या रंगांना सुट्टी कधी असते?
म्हणाला, मॅम, नाताळला करडाच होता.

अकरा वर्षं आत काढली, पुड्या विकल्या म्हणून.
आता पाच वर्षं बाहेर.
पण ‘बाहेर’ हा शब्द तो
शेजाऱ्यांकडून आणलेल्या कपबशीसारखा वापरतो.

यंग्जटाउनपासून पेनसिल्व्हेनियाची हद्द
जेमतेम दहा मैल.
हद्दीपलीकडे शॅरनमध्ये त्याची बहीण, मार्चमध्ये बाळंत झाली.
त्यानं अर्ज केला. मंजुरी आली,
तोवर बाळानं मान धरली होती.

हुडाकबाई महिन्यातून एकदा येतात, न सांगता.
वाईट नाहीत. बूट पायपुसण्यावर नीट पुसतात,
पगाराच्या स्लिपा बघतात,
त्याच्या खणातला कंगवा उचलून खाली ठेवतात,
मग मला विचारतात, वेळेवर येतो का?
आणि मी, दुकानाची मालकीण,
व्हिसाच्या खिडकीपाशी बसायचे तशी ताठ होते,
एकेक इंग्रजी शब्द पारखून देते.
वेळेवर येतो. माझ्या आधी येतो.

दिवाळीला अनारसे केले.
तीन दिवस तांदूळ भिजत, रोज पाणी बदलून,
गूळ घालून पीठ मुरवलं,
खसखशीवर थापून तुपात सोडले.
अशी जाळी पडली की काय सांगू.
एकही हसला नाही.

डबा पुढे केला. ऑर्विलनं एक उचलला,
ट्यूबलाइटखाली धरला,
नखानं एक दाणा वेगळा काढला.
पॉपी?
मी म्हटलं, हो.
त्यानं अनारसा परत ठेवला,
झोपलेलं पोर गादीवर ठेवावं तसा.
म्हणाला, ओळखीचा एक जण एका बेगलपायी
चार महिने परत आत गेला.
खरं की खोटं, कोण तपासणार?
मग हात धुवायला गेला.
नळ बराच वेळ चालू होता.

मी काउंटरशी उभी. समोर डबा.
हीच खसखस वाटून आई
दुधातून द्यायची, मला झोप लागावी म्हणून.
बाळंतिणीची खीर हिचीच.
चाळीस वर्षं मी ही चिमटीत धरत आले
आणि तिचं फूल कसं दिसतं
ते माहीत नाही.

रविवारी पुन्हा घाणा काढला.
पोळपाट दोनदा धुतला, तूप नवं,
खसखशीची बरणी आधी गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली,
कुणी धाड घालणार असल्यासारखी.
या खेपेला तीळ लावले.
पीठ सैल झालं होतं की माझाच हात,
निम्मे तुपात विरघळले.

सोमवारी करडा निघाला.
तो आधी जाऊन आला, मग डबा उघडला.
मग म्हणाला, आधी लिहून दे.
मी बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहिलं:
तांदूळ, गूळ, तूप, तीळ.
खाली सही, तारीख, दुकानाचा शिक्का.
त्यानं चिठ्ठीची घडी करून पाकिटात घातली,
लायसन्सच्या मागे.

बॉयलरपाशी उभं राहून त्यानं चुरा खाल्ला,
तळहात पालथा करून पाहिला, सुलटा करून चाटला.
मी म्हटलं, माफ कर, हे हसले.
हसले म्हणजे?
ते त्याला सांगता सांगता
दुपारचे शर्ट तसेच राहिले.