खोच

लुकेत दुपार म्हणजे तापलेला पत्रा.
बाबा आंब्याखाली, हातात तेरेरे,
बर्फ केव्हाच विरघळलेला.
गिटार माझ्या मांडीवर उताणी,
डॉक्टरकडे आणलेल्या पोरासारखी.

"सगळ्या एकदम काढू नकोस, नील्दा.
लाकूड दचकतं."
म्हणून एक सोडायची, एक बांधायची.

चौथी आधी.
दुसऱ्या पडद्यापाशी तिचं रुपेरी वेष्टन झिजलंय,
आतला पांढरा धागा डोकावतोय.
हात थरथरायला लागले, त्याआधीची ही तार.
म्हणजे बाबा सगळ्यात जास्त इथे थांबायचे.
मी कधी नीट ऐकलंच नाही.

नवी ओवली, फेरा घेतला, शेपूट खाली दाबलं,
खुंटी पिळत गेले.
पहिल्या तारेची गाठ मात्र सुटली,
सपकन चाबूक बसला देवदारावर.
खोच. तांदळाएवढी.

मी गप्प.
बाबा वाकले, अंगठा फिरवला:
"ही तुझी. शेजारची तुझ्या आईची,
लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यातली."
इतकी वर्षं मला ती लाकडाचीच रेघ वाटत होती.

मग त्यांनी गिटारच्या कडेला दात लावले
(कानांचा भरवसा गेल्यापासून असंच ऐकतात)
आणि मी तार छेडली.
"उतरलीय." पिळली.
"अजून उतरलीय."

नायलॉन आहे, ताणत राहणार,
सकाळपर्यंत सहाही पुन्हा ढिल्या.
"उद्या परत चावतो," म्हणाले,
आणि पेल्यात नवा बर्फ मागितला.