शिंक

एप्रिल लागला की आमच्या डंकावर
डब्यांची रांग वळणापर्यंत जाते.
संकेश्वरी, ब्याडगी, जवारी,
ज्याच्या घरचं तिखट ज्याच्या त्याच्या पिशवीत.
मशीन सुरू झालं की गिऱ्हाईक रस्त्यावर पळतं,
नाकाला पदर, रुमाल, टॉवेल, मिळेल ते.
मी आत. एक शिंक नाही.
"काय बाई हाय का लोखंड!" चंद्राक्का मगदूम म्हणायच्या,
आणि मी ते तीन उन्हाळे मिरवलं.

मग खोबरं करपलं,
माझ्याच हाताखालच्या कढईत, पार काळं.
सर्जेराव दारातून धावत आला,
"वैनी, वास नाय आला?"

कधीपासून नव्हता, तेही आठवेना.

आठवत होतं ते कपाळ.
वाकलं की आत शिसं सरकायचं,
दाढा ठणकायच्या, आणि दाढांत काहीच नसायचं.
दर महिन्याला गोळ्यांचा कोर्स,
पाच दिवस बरं, सहाव्या दिवशी पुन्हा हिरवं.

राजारामपुरीत डॉक्टर नेजकरांनी दुर्बीण घातली.
पडद्यावर माझं नाक, आतून,
आणि त्यात सोललेल्या द्राक्षांचे मणी,
फिके, पाणीदार, निवांत.
त्यांना हात लावला तरी दुखत नव्हतं.
दुखलं असतं तर एवढे वाढू दिले असते का मी?

"आधी हे आले, का आधी सायनस तुंबलं?"
ते म्हणाले, मोरी तुंबली की पाणी साचतं,
साचलं की कुजतं, कुजलं की भिंत फुगते,
फुगलेली भिंत मोरी आणखी बुजवते.
तुम्हीच सांगा, सुरुवात कुठं मांडू?

"मिरचीनं झालं?"
"असेल. नसेलही. घरात दमा?"
वडिलांना होता.

ऑपरेशन झालं. काढलेत, पण पुन्हा उगवू शकतात, म्हणाले,
स्प्रे सोडू नका.

मी वाट बघत होते लसणाची,
भाजल्या धण्यांची.
एकविसाव्या दिवशी पहाटे आला तो
सासूबाईंच्या अंथरुणाचा.
जुना, उन्हात न पडलेला, लघवीचा.

तेव्हा कळलं, वर्षभर त्या
लेकीकडे का गेल्या नाहीत,
शेजारणींत का बसल्या नाहीत,
आणि रात्री माझ्याच उशाशी का सरकायच्या.
घरात एकच नाक होतं त्यांना
न घाबरता जवळ करता येणारं.

मी काही बोलले नाही.
"अजून वास नाही," जेवताना मुद्दाम म्हटलं.
त्यांनी भात कालवला, मान हलवली.

दुपारी डंक सुरू केला.
पहिल्या घाण्याला सटासट सात शिंका,
डोळ्यांतून पाणी. चंद्राक्का टाळ्या पिटतायत,
"सुटली गं, सुटली!"

आतल्या खोलीत
भांड्यांचा आवाज थांबला.
थोड्या वेळानं मागच्या दारी
बादलीत नळ सोडल्याचा, आणि
चादर आपटल्याचा, हळूच,
कुणाला ऐकू जाऊ नये असा.