हात वर

आमच्या संसदेच्या दारावर चार दगडी चेहरे आहेत:
पोटदुखी, डोकेदुखी, कानदुखी, दातदुखी.
शिल्पकाराने थट्टेत कोरले असतील.
सव्वीस वर्षं मी त्यांच्याखालून आत जातोय
आणि रोज मनाशी एक निवडतो.
आज कान.

माझं काम सोपं.
बिनखिडकीच्या खोलीत फाईल टेबलावर ठेवायची,
खासदारांचे फोन कुलूपबंद करायचे,
पेनं काढून घ्यायची,
आणि भिंतीला टेकून उभं राहायचं.
त्यांनी वाचायचं, टिपून घ्यायचं नाही.
मी तर वाचायचंही नाही.

लोलान बेटावरच्या टोवे राउन्सकोव
निवडून येण्याआधी एकोणीस वर्षं
फेरीबोटीच्या इंजिनरूममध्ये होत्या.
त्यांनी फाईल उघडली.
पान नऊ: बेचाळीस चिलखती गाड्या, मदत म्हणून, पूर्वेला.
पान दहा काळं.
पान अकरा काळं, मध्ये एकच शब्द सुटलेला:
तथापि.
पान बारा काळं.

त्या शब्दावर बोट ठेवून त्या बसून राहिल्या,
बंद पडलेल्या इंजिनाच्या अंगाला
हात लावून बसावं तशा.
मी घड्याळाकडे बघितलं.
काळं करायचा तो जाड मार्कर
माझ्याच खणात असतो, हे त्यांना ठाऊक नसावं.

दुपारी समितीत मंत्री आले, सोबत तीन अधिकारी, दोन बॅगा.
बाईंनी विचारलं, इंजिनं किती तास चाललेली आहेत?
मंत्री म्हणाले, मित्राच्या पाठीशी उभं राहायची ही वेळ आहे.
सुटे भाग सोबत जाणार का?
मंत्री म्हणाले, इतिहास आपल्याकडे बघतोय.
पोचल्यावर मोजणार कोण?
मंत्र्यांनी पाण्याचा ग्लास उचलला
आणि खूप सावकाश प्यायले.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
आमची साडेतीनशे कोटी क्रोनरची.

मागच्या बाकावरून एक तरुण सदस्य, गळ्यात नवा टाय, म्हणाला:
म्हणजे बाईंचा मदतीला विरोध आहे, असं नोंदवायचं का?

त्या वळल्या.
विरोध? पाठवा म्हणणाऱ्यांत मी पहिली होते,
तुमचा पक्ष तेव्हा अभ्यास करत होता.
पण बोट सुटायच्या आधी खाली उतरून
तळ बघून येणारा माणूस
प्रवाशांचा वैरी असतो का?
ज्या पोराच्या हाती ती गाडी पडेल,
त्याला कुणी 'तथापि' वाचून दाखवणार नाही.
चिखलात, पहाटे चारला,
तो फक्त चावी फिरवेल.

कुणीतरी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.
कुणी घेतलं नाही.

मग मतदान.
हात वर करणं म्हणजे कौल देणं,
हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणंही,
आणि लांबून बघणाऱ्याला
दोन्ही अगदी सारखंच दिसतं.
मी मोजतो तेव्हा फक्त हात मोजतो.
सतरांपैकी चौदा.

चौदावा टोवेबाईंचा होता,
सगळ्यात उशिरा गेलेला.
तेरा खाली आले, खुर्च्या सरकल्या,
मंत्र्यांच्या बॅगांच्या चेन ओढल्या गेल्या,
तो तसाच वर.
अध्यक्ष म्हणाले, आपलं मत नोंदलं गेलंय.
बाई म्हणाल्या,
ते मत होतं, झालं.
आता मला विचारायचंय.

संध्याकाळी वहीत मी लिहिलं:
प्रश्न क्रमांक एकशे अठरा.
विषय: इंजिनांचे तास, दुसऱ्यांदा.
उत्तराची मुदत चार आठवडे.
अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं.
खण उघडला, मार्करचं टोपण काढून बघितलं.
अजून ओला होता.

बाहेर नोव्हेंबर, सव्वाचारलाच काळोख पडलेला,
सायकलच्या सीटवर दव.
दारावरचे चेहरे नीट दिसत नव्हते.
कान म्हणून निवडला होता सकाळी,
पण घरी पोचेपर्यंत
ठणकत राहिला तो दात.