तीन वर्षांच्या बोलीवर

विश्राम कोयंडे संध्याकाळी येऊन बसतात
माझ्या कारखान्यात, सागाच्या फळ्यांच्या ढिगावर.
समोर वाघोटणची खाडी, ओहोटीत चिखल उघडा टाकून,
आणि जरा वर ती जुनी आरमारी गोदी
जिथे आता फक्त कुर्ल्या दुरुस्तीला येतात.

मुंबईच्या गोदीत त्यांनी एकतीस वर्षं भांडार सांभाळलं,
विमानं वाहणाऱ्या एकाच जहाजाचं.
बाकी विसरलेत. नातवाचं नाव, गुडघ्याची गोळी.
पण तिसऱ्या घोडीवरचा चौथा खण विचारा:
"झडपेचे वायसर, तांब्याचे, बारा डझन.
पाच डझन खरे, बाकी कागदावर."

"आराखडा घाईतला," ते सांगतात,
शेजारच्या घरातलं लग्न सांगावं तसं.
"लढाई पेटलेली. पोलाद कमी, वेळ त्याहून कमी.
व्यापारी बोटीच्या नियमांनी बांधा म्हणाले,
चिलखत नको.
इंजिनं दोन खोल्यांत, तिरकस,
म्हणजे एका अंगाला पाणतीर लागला
तर दुसऱ्या अंगाने घरी येईल.
आणि आयुष्य धरा तीन वर्षं."

लढाईच आधी संपली.
अर्धवट बहिणी धक्क्याला गंजत राहिल्या,
मग एकेक उजवली,
कुणी बर्फाच्या मुलखात, कुणी पार दक्षिणेला,
एक आपल्याकडे.
विमानं जड झाली, उतावळी झाली.
सरळ पाटावर तिरका पट्टा आखला,
वाफेची गोफण बसवली,
पुढे तीही उपटून नाकाला चढ दिला.
"म्हातारपणी नाक वर, काही माणसांचं होतं तसं."

आणि सुटे भाग?
बनवणारा कारखाना केव्हाच बंद, साचे वितळलेले.
मग जगात कुठे एखादी बहीण मोडीत निघाली
की इकडे पत्रं, तारा, धावाधाव.
तिच्या गोफणीचा दट्ट्या, तिच्या पंपाची फिरकी.
"थोरलीचं सोनं मोडून धाकटीचं औषधपाणी.
दुसरं काय होतं ते?"

धाकटीही तुटली. त्यालाही वर्षं झाली.
गेल्या शिमग्यात एसटीच्या टपावरून एक पेटी उतरली.
हाताखालच्या इनास डिसोझाने
लिलावात वजनावर घेऊन पाठवलेली.
आत ग्रीस, मेणकागद,
आणि ताटाएवढं पितळी कडं,
सोबत मागणीची चिठ्ठी, विश्रामदादांच्याच अक्षरात.
"एकोणीस वर्सां लागली," ते म्हणाले. "पण इला."

हनीफ सोलकरच्या ट्रॉलरला बसतंय का, मी मापलं.
दोन सूत मोठं.
"घासून घेऊ?"
त्यांनी पाहिलं माझ्याकडे
जणू मी पोराचं बोट कापू म्हणालो.
"ह्या घासूचा नसता, मेस्त्री."

माझ्याकडे आराखडा नाही.
बापाचा फर्मा, दोरी, आणि एक डोळा, तोही आता पाणावतो.
फळी कुजली की भोकाएवढी दुसरी तासतो.
त्या दिवशी उठताना ते म्हणाले,
"तुझ्या बोटीला सुटा भाग मिळायचा नाही.
तुझ्या बोटीला बहीण नाही."
मी रंधा थांबवला नाही,
पण ढलपी जाड निघाली.

कडं त्यांच्या खाटेखाली आहे.
दर अमावास्येला जुनं ग्रीस पुसून नवं.
वहीत नोंद केली आहे: आवक, एक.
जावकच्या रकान्यात रेघही मारलेली नाही.

काल हनीफ विसार द्यायला आला, नव्या होडीचा.
नोटा मोजता मोजता विचारलं,
"मेस्त्री, किती वर्सां टिकतली?"
माझ्या तोंडून गेलं, "तीन."
त्याचा अंगठा नोटेवर थांबला.
मागे फळ्यांवर विश्रामदादा हसायला लागले,
हसता हसता ठसका लागला,
आणि हातानेच खूण केली त्याला:
दे, दे.