धुम्मस

केपेच्या कॉलेजात मी शिपाई,
पण ऑगस्ट लागला की माझा हुद्दा बदलतो:
मैदानाला चुना मारणारा.
पोरं म्हणतात, फटीबाब,
लोक लोकांना चुना लावतात, तुम्ही जमिनीला.
मी हसतो. दर वर्षी हसावं लागतं.

त्या वर्षी आमच्याकडे कायतान होता.
बेतुलचा बार्रेटो, बापाची होडी.
पायात चेंडू आला की आधी मान वर करायचा,
जाळं टाकण्याआधी बाप पाण्याकडे बघतो तशी.
मग चेंडू जायचा जिथं कुणीच नसे,
आणि तिथं कुणीतरी पोचलेलं असे.

मधल्या वर्तुळाच्या डाव्या अंगाला
त्याची उभं राहायची जागा उघडी पडली होती,
सुपाएवढी, तांबडी.
चवथीच्या सुट्टीतसुद्धा तिथं गवत धरलं नाही.

तीन सामने जिंकलो.
मडगाववाल्यांना हरवलं तेव्हा
तळावलीकर सरांनी सगळ्यांना भजी-पाव दिला,
प्रिन्सिपलनी चषकासाठी कपाटातला एक खण रिकामा करवला.
खण मीच पुसला.

चौथा सामना काणकोणशी. विसावं मिनिट.
कायतान वळला, पाय वळला नाही.
सुकी झावळ मोडावी तसा आवाज.
बाकीचे म्हणतात, आवाज आलाच नाही.
मला आला.
तो खड्डा माझ्या ओळखीचा होता.
सकाळीच टोपलीभर माती घातली होती मी,
वर गवत पसरलं होतं, दिसायला सारखं.
धुम्मस मारायची राहिली होती.
स्टाफरूममधून चहाची हाक आली होती, एवढंच.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली,
लिगामेंट म्हणाले,
पुढच्या वर्षी बघू म्हणाले.
कायतान तिसऱ्या वर्षाला होता.

त्याच्या जागी मोलू वेळीप आला.
पोरगं वाईट नव्हतं, धावायचं तर दोघांइतकं.
पण बाकीचे अजून कायतानलाच चेंडू देत होते,
म्हणजे हवेला.
उजवीकडचा सुसाट सुटायचा, मान वळवायचा,
चेंडू येत नसे. मग तो सुटेनासा झाला.
मग मागचे पुढे सरकले, पुढचे मागे,
गोलकीपर सगळ्यांवर ओरडू लागला,
आणि ओरडणारा संघ हरतो
हे चुन्याच्या पोत्यावर बसूनही कळतं.

फोंड्याशी शून्य-दोन. वास्कोशी शून्य-चार.
म्हापशाला जाताना बस पंक्चर झाली
तर कुणालाच वाईट वाटलं नाही.
सर फळ्यावर नवी रचना काढत, पुसत, काढत.
खणात जुनी हजेरीपत्रकं ठेव, प्रिन्सिपल म्हणाले.
तू कायतान नव्हेस,
हे मोलूला कुणी एकदाही म्हटलं नाही.
शेडमागे तो बूट धूत बसलेला दिसला,
बूट केव्हाचे स्वच्छ झाले होते.

मी रोज पहाटे धुम्मस मारू लागलो.
एकाच जागी.

डिसेंबरात शेवटचा सामना.
हरलो काय, जिंकलो काय, तक्त्यात फरक नव्हता.
कायतान कुबड्या टेकत लवकर आला,
माझ्या पोत्याशेजारी बसला,
होडीच्या इंजिनाबद्दल बोलला थोडं.
वर्तुळाच्या डाव्या अंगाला गवत आलं होतं,
कोवळं, निर्लज्ज.
तिकडे बघून न बघितल्यासारखं केलं त्यानं.

मग उठला, आणि मैदानभर जागा असताना
नेमका तिथंच गेला.
कुबडीचं रबर जमिनीवर दाबून बघितलं,
एकदा, पुन्हा एकदा.
'घट्ट झालंय आता,' म्हणाला.

'आता' वर त्यानं जोर दिला नव्हता.
मी बराच वेळ आठवून पाहिलं,
नव्हता.

रेफ्रीनं शिटी मारली तेव्हा
मधली रेघ अर्धीच झाली होती.