पाच रात्रींची क्रेडिट नोट

ग्रेट यारमथला हिवाळ्यात
समुद्राकडे कुणी बघत नाही.
किनाऱ्यावरची गेस्टहाउसं ऑक्टोबरात ओस पडतात
मग ती आम्ही भरतो.
आम्ही म्हणजे कौन्सिल,
म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे चौघे
आणि एक प्रिंटर, जो फक्त बेव्हर्लीचं ऐकतो.

सोमवारी बिलं येतात.
नाव, खोली, रात्री, दर, एकूण.
एका रात्रीचे बासष्ट पौंड.
किटली आहे, शेगडी नाही.
खिडकी आहे, उघडत नाही,
हे बिलात नसतं,
हे मी एकदा जाऊन पाहिलं म्हणून.

रोलंड लार्टर, वय एकसष्ट, खोली सहा,
चौदा रात्री, आठशे अडुसष्ट.
खाली पेनानं वाढवलेलं:
किटली बदलली, अठरा पौंड.

दुसऱ्या फायलीत, दुसऱ्या खात्याच्या,
रोलंड लार्टर नवव्या रात्री वारला.

मी मिसेस अटिंगना फोन लावला.
त्या म्हणाल्या, खोली रिकामी कुठे होती?
त्याची बॅग होती, बूट होते,
पोलीस म्हणाले हात लावू नका,
मी कुणाला द्यायची होती ती?
त्यांचंही खरं होतं.
मी नियमावली काढली. ताबा म्हणजे काय, यावर तीन पानं.
बुटांबद्दल त्यात काही नाही.

तो एकदा आला होता काउंटरवर.
हेरिंग धुरावायच्या कारखान्यात तीस वर्षं,
कारखाना गेला, मग बायको, मग भाड्याचं घर,
हे सगळं त्यानं मला
बसच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं.
त्याची तक्रार वेगळीच होती:
किटलीत अंडी उकडतो म्हणून मालकीण ओरडते.
कितीदा? मी विचारलं.
ओरडते की उकडतो? त्यानं विचारलं,
आणि आम्ही दोघंही हसलो,
मागे रांग असताना.

बेव्हर्ली म्हणाली, क्लेम कर.
मार्चअखेर आहे.
मार्चअखेर तिकडेही असते, इकडेही,
दोन्हीकडे माणसं तेव्हा जरा कमी बोलतात.

क्रेडिट नोट आली. तीनशे दहा.
टाइप करताना सापत्नेकर बाई आठवल्या,
चौथी ब, खडूनं पांढरी झालेली त्यांची बोटं:
प्रत्येक अंकाला आपलं घर असतं, पोरांनो.
एककाचं घर, दशकाचं घर, शतकाचं.
आणि शून्याला?
शून्यालाही.
त्याच्याकडे काही नाही म्हणून काढून टाकलंत
तर शेजारचे घसरतात,
तीनशे दहाचे एकतीस होतात.
आम्ही पाटीवर घरं आखायचो,
शून्याला सगळ्यात ऐसपैस,
कारण ते काढायला सोपं.

तीनशे दहा गेले बचतीच्या खात्यात.
तिमाही अहवालात एक ओळ झाली:
तात्पुरता निवारा, अंदाजापेक्षा किंचित कमी खर्च.
समितीच्या बैठकीत कुणीतरी
विभागाचं अभिनंदन केलं.
बिस्किटं होती. मी दोन खाल्ली.

त्याच बैठकीत पुढच्या वर्षाचं ठरलं:
रात्री फिरून माणसं शोधणारे दोघे होते,
आता एक.
वाचलेल्या पैशातून
गेस्टहाउसांची बिलं.
मी आकडे दोनदा तपासले.
बेरीज बरोबर होती.

खोली सहा बुधवारीच भरली,
एक आई, एक बाळ, एक दुमडती गाडी.
त्याचे बूट कुठे गेले
हे विचारायचा रकाना नाही.

किटलीचे अठरा पौंड तेवढे अडले होते.
नियमानं ते ग्राहकाकडून वसूल करायचे,
ग्राहक, असा शब्द आहे आमच्याकडे.
मी कर्सर बराच वेळ तिथे ठेवला.
मग मंजूर केले.
मशीननं कारण विचारलं, चाळीस अक्षरांत.
लिहिलं:
नेहमीची झीज.