डाव्या पायाचं फ्रॅक्चर

गळ्यात माझ्या पांढरं कार्ड अडकवलं, कन्नडात लिहिलेलं.
पीडीओ मॅडमनी वाचून सांगितलं :
तुमचा डावा पाय मोडलाय. लक्षात ठेवा,
कुणी विचारलं तर उजवा दाखवू नका.

मे संपत आलेला. दूधगंगा घोट्याएवढी.
पोरं म्हशी घेऊन पात्रातनं चालत पलीकडं जायलीत
आन् आम्ही पुराची तालीम करायलोय.

पंचायतीच्या स्लॅबवरचा नवा सायरन वाजला.
बाळगोंडाच्या कोंबड्या तेवढ्या खुराड्यात पळाल्या,
बाकी गाव कट्ट्यावरच.
मग जीप फिरली, आधी कन्नडात, मग मराठीत.
मराठी सांगणारा पोरगा सदलग्याचा, घाईतला :
पाणी वाढत आहे, सुरक्षित स्थळी जावे.
स्थळ म्हणजे शाळा.
शाळेच्या दारावर फळा, तोही कन्नड.
सुमतीच्या नातीला म्हटलं, काय लिवलंय गं?
बोट फिरवत ती म्हणाली, का-ळ-जी केंद्र.
ते मराठीत झालं. कन्नडात काय?
हेच कन्नडात, मावशी.

नारिंगी जाकिटातल्या दोघांनी मला उचललं,
व्हरांड्याच्या टोकाला ठेवलं. हलू नका, म्हणाले.
मी हलले नाही.
जखमी सात, सात बाहेर, अशी शिट्टी झाली.
उप्पीट झालं, फोटो झाले.
काही शंका असल्यास विचारा, असंही झालं,
जीपचं इंजिन चालू ठेवून.
धूळ खाली बसली.
माझा पाय बरा झाला, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

फरशी गार होती. पडून राहिले.
एकोणीस साली पाणी नदीकडनं आलंच नाही,
मोरीतनं आलं. रात्री, आवाज न करता,
चोरासारखं नव्हे, घरच्यासारखं.
भांडी तरंगायला लागली तवा कळलं.
गोठ्यात गेले तर दाव्याची गाठ फुगून दगड झालेली.
विळा कुठं, दिवा कुठं.
नखं तुटेस्तोवर ओढत बसले.
म्हैस माझ्याकडं बघत होती,
मग बघायची थांबली.

ह्या फ्रॅक्चरचं कार्ड कुठं मिळतं,
हे विचारायला हवं होतं काय मघाशी?

कुलूप लावायला बाळगोंडा आला.
सुशव्वा, अजून हितंच?
पाय मोडलाय की रे माझा.
हसला. मग हसायचं थांबून पायरीवर टेकला.
म्हटलं, तायव्वाला ऐकू आला व्हय सायरन?
ती ठार बहिरी की.
मग तिला हलवून उठवणार कोण? तुझ्या कागदात कुणाचं नाव हाय?
खिशातनं यादी काढली त्यानं, उलटी केली, सुलटी केली.
जेनरेटर होता, बोट होती, दोरखंड तीनशे फूट होता,
तायव्वा नव्हती.
माझंच कार्ड मागून घेतलं, पाठीमागं लिहिलं :
तायव्वा, कुंभार गल्ली. उठवणार, सुशव्वा.
कन्नडात लिहिलंस व्हय?
व्हय.
मराठीतबी लिही. उठवायचं मला हाय.

घरी येताना उगंच लंगडले थोडी.
नव्या म्हशीचं दावं सोडलं, पुन्हा बांधलं,
बापानं शिकवलेली आडगाठ नव्हे, सरकफास,
एका हिसड्यात सुटणारा.
डोळे मिटून ओढून बघितलं. सुटला.
पदर भिजवला, दाव्यावर पिळला, पुन्हा ओढला. सुटला.
तिसऱ्यांदा म्हशीनंच वैतागून मान झटकली
आन् गेली की निघून, गल्लीतनं धाडधाड,
थेट तायव्वाच्या ओट्यापाशी.

कडी वाजवावी लागली नाही.
दार उघडून तायव्वा उभी,
केस मोकळे, एका हातात काठी,
दुसऱ्यात रेशन कार्डाची पिशवी.
जमीन हलली, म्हणाली.
आलं काय पाणी?